मराठीतून अर्थशास्त्र शिकायला नेटवर खरंच काही नाही?

गोदाकाठ
काल 'अर्थार्थी' यांनी अर्थशास्त्र शिकणाऱ्यांसाठी चाळीस दुव्यांची यादी टाकली. यादी मेहनतीची आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण शेवटी ते लिहितात, "मराठीत काहीच नाही, म्हणून मराठी माध्यमाच्या मुलांनी आधी इंग्रजी पक्कं करावं, मग या विषयाकडे वळावं." हे वाचून डोकं तापलं. उत्तर लांबलं म्हणून वेगळा धागा काढतोय.

काहीच नाही कसं? राज्याची आर्थिक पाहणी अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी मराठीत काढतं, फुकट उतरवून घेता येते. बालभारतीची अकरावी-बारावीची पुस्तकं आहेत. विश्वकोशातल्या नोंदी आहेत. पणन मंडळाच्या साइटवर रोजचे बाजारभाव मराठीत मिळतात, आणि माझ्या मते हेच सगळ्यात मोठं पाठ्यपुस्तक आहे.

माझा पुतण्या बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागणीचा नियम तोंडपाठ (भाव उतरला की मागणी वाढते), 'इतर परिस्थिती कायम असताना' सकट. मी त्याला लासलगावचे नोव्हेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ चे कांद्याचे भाव वहीत उतरवायला बसवलं. तारीख, आवक, किमान, कमाल, सर्वसाधारण असे रकाने आखले. ८ डिसेंबरपासून निर्यातबंदी लागली, ती तारीख लाल पेनाने लिहिली. पुढचे आकडे भरता भरता त्याचा हात थांबला. म्हणाला, "काका, आपण रेषेवरून खाली नाही आलो. रेषाच सरकली." बाहेरचं गिऱ्हाईक तुटलं की मागणीची अख्खी रेषा डावीकडे जाते, हे त्याला दोन वर्षांत कुणी दाखवलं नव्हतं. त्या कांद्यात आमचेही ४० क्विंटल होते, म्हणून त्याला ते आयुष्यात विसरता येणार नाही.

अर्थार्थी
वाक्य माझंच आहे आणि मी ते मागे घेत नाही. मी जत तालुक्यातला, बारावीपर्यंत मराठी माध्यम. एम.ए.ला दिल्लीत गेलो तेव्हा पहिलं सत्र नुसतं ऐकण्यात गेलं. सर 'मार्जिनल युटिलिटी' म्हणायचे. 'सीमांत उपयोगिता' (एक नग जास्त घेतल्यावर मिळणारं जादा समाधान) मला उत्तम येत होती, पण दोन्ही एकच आहेत हे कळायला दिवाळी उजाडली. वर्गात प्रश्न विचारायची हिंमत होत नव्हती. माझ्यामागून येणाऱ्या कुणाचं असं होऊ नये म्हणून ते वाक्य लिहिलं.

आता तुमच्या यादीबद्दल. आर्थिक पाहणी म्हणजे आकडे झाले. आकडे वाचायचे कसे, ते ती शिकवत नाही. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या ओपनकोर्सवेअर या फुकट साइटवर जोनाथन ग्रुबर यांचा सूक्ष्म अर्थशास्त्राचा वर्ग आहे. व्याख्यानं आहेत, सोबत सरावाची गणितं, त्यांची उत्तरं, जुन्या परीक्षा. एक गणित सोडवा, चुका, उत्तर बघा, पुन्हा सोडवा. विषय असा शिकला जातो. मराठीत असा एक तरी संच दाखवा, मी धाग्यावर माफी मागतो.

टक्केवारी
कांद्याच्या उदाहरणावर एक हरकत. डिसेंबरात लाल कांद्याची आवक तशीही वाढते. म्हणजे पुरवठ्याची रेषाही सरकत होती, भाव पडल्याचं सगळं खापर बंदीवर फोडता येणार नाही. पुतण्याने आधीच्या तीन-चार वर्षांचे त्याच आठवड्यांचे आकडे शेजारी मांडायला हवे होते.

गोदाकाठ
आमचं नुकसान झालं ते बंदीनेच. बंदीची बातमी आल्यावर लिलाव बंद पडले होते, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण शेजारी मागची वर्षं मांडायला हवीत, हे मान्य करावं लागेल. सांगतो त्याला.

कोरडवाहू
दुवे, कोर्स सगळं ठीक. मूळ रोग क्लासवाल्यांचा आहे. माझ्या बहिणीने स्पर्धा परीक्षेसाठी एका ऑनलाइन क्लासला १८ हजार भरले. 'भारतीय अर्थव्यवस्था' म्हणून ज्या नोट्स हाती दिल्या, त्या एनसीईआरटीच्या पुस्तकाचं ओळीला ओळ भाषांतर निघाल्या. ती पुस्तकं नेटवर फुकट आहेत, पण मराठीत नाहीत. नेमकी तीच फट धरून हे लोक पैसा करतात. पैसे परत मागितले तर फोन उचलणं बंद. फुकट काय मिळतं हे पोरांना माहीत नसतं, म्हणून लुबाडणूक होते. अर्थार्थींची यादी मला म्हणून मोलाची वाटते, शेवटच्या वाक्यासकट.

खडूफळा
मी तीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. मराठी साहित्य कमी आहे हे दुखणं आहेच, पण जे आहे त्यातले शब्द विद्यार्थ्याला चुकीच्या वाटेला लावतात, ते दुखणं त्याहून मोठं आहे.

'चलनवाढ' घ्या. शब्दातच कारण कोंबलंय की चलन वाढलं म्हणून भाव वाढले. एका वर्षी पाऊस लांबून टोमॅटो कडाडले होते. मी वर्गात विचारलं, चलनवाढ का झाली? पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीने लिहिलं, "सरकारने नोटा जास्त छापल्या." तिची चूक नव्हती, शब्दाने तसं सांगितलं होतं. २०१२ पायाभूत वर्ष धरलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात (घरखर्चातल्या वस्तूंचे भाव मोजणारा आकडा) खाद्यपदार्थ आणि पेयांचा भार ४५.८६ टक्के होता. जवळपास निम्मा निर्देशांक ताटात वाढलेला, आणि आपण मुलांना टांकसाळ दाखवतो! 'भाववाढ' म्हणा. काय झालं ते सांगा, का झालं ते मुलांना शोधू द्या.

टक्केवारी
बाई, आदर ठेवून असहमत. एकट्या टोमॅटोचे भाव वाढणं ही भाववाढ. सगळ्याच वस्तूंची सर्वसाधारण पातळी सतत चढत राहणं वेगळं, आणि त्याला वेगळा शब्द लागतो. तुम्ही वर्गात टोमॅटोचं उदाहरण देऊन चलनवाढीचं कारण विचारलंत, घोटाळा तिथे झाला. शिवाय इंग्रजी 'इन्फ्लेशन'सुद्धा आधी चलन फुगण्यालाच म्हणत, भावांना तो शब्द नंतर चिकटला.

खडूफळा
त्या वेळी मी प्रश्न कसा विचारला ते तुम्ही बघितलेलं नाही, तेव्हा मला वर्ग शिकवू नका. खाद्यपदार्थ महागले की मजुरी वाढवून मागितली जाते, हॉटेलची थाळी महागते, रिक्षा महागते. एका वस्तूपासून सर्वसाधारण पातळीपर्यंतचा रस्ता फार लांब नसतो.

कोरडवाहू
आमच्याकडे दोन्ही शब्द कुणी बोलत नाही. महागाई म्हणतात.

टक्केवारी
चलनाचा संबंध इतका तोडू नका. बाबासाहेबांचा १९२३ चा रुपयावरचा प्रबंध वाचा. रुपयाची क्रयशक्ती स्थिर राहिली पाहिजे आणि त्यासाठी चलन काढण्यावरच मर्यादा हवी, हा त्यांचा आग्रह होता. राज्य शासनाने काढलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या सहाव्या खंडात तो आहे, नेटवर फुकट. अर्थशास्त्र शिकायला याहून मोठं साधन कुठलं?

अर्थार्थी
आणि तो कोणत्या भाषेत आहे? इंग्रजीत. माझं म्हणणं तुम्हीच सिद्ध केलंत. 'चलनवाढ' की 'भाववाढ' यावर वीस प्रतिसाद पडतील, पण एक गणित मराठीत कुणी लिहिणार नाही.

गोदाकाठ
अर्थार्थी, हे लागलं. पण 'आधी इंग्रजी, मग अर्थशास्त्र' हा क्रम मला आजही पटत नाही. लोकहितवादींनी 'लक्ष्मीज्ञान' हे अर्थशास्त्रावरचं पुस्तक लिहिलं १८४९ मध्ये, मुंबई विद्यापीठ निघायच्या आठ वर्षं आधी. तेव्हा मराठी वाचकाला कुणी थांब म्हटलं नाही. पुतण्याला मी इंग्रजीसाठी थांबवलं असतं तर ती रेषा त्याला दिसलीच नसती. ग्रुबर यांचा वर्ग आम्ही परवा लावून पाहिला. पिझ्झा आणि कुकीजमध्ये पैसे कसे वाटायचे, यावरून ते ग्राहकाची निवड समजावतात. पुतण्या दहा मिनिटांत हिरमुसला, उच्चार कानात बसेनात. मग मी तेच बियाणं आणि खत धरून मांडलं.

टक्केवारी
बियाणं-खत ही उत्पादकाची निवड झाली, ग्राहकाची नव्हे. तिथे उपयोगितेऐवजी उत्पादन येतं.

गोदाकाठ
बरोबर. चुकलं माझं.

खडूफळा
पाहिलंत? म्हणून शिक्षक लागतो. नुसते दुवे देऊन भागत नाही.

ज्यांना इंग्रजी वाचता येतं पण ऐकून कळत नाही, त्यांनी व्हिडिओच्या मागे न लागता कोअर या अर्थतज्ज्ञांच्या गटाचं 'द इकॉनॉमी' हे पाठ्यपुस्तक उघडावं, तेही फुकट आहे. सुरुवातच चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता याने पाहिलेल्या बंगालपासून आणि तिथल्या भरपूर तांदळापासून होते. मी आठवड्याला एक परिच्छेद वाचून दोन मुलींना मराठीत सांगते. शब्द अडला की त्या भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशात शोधतात आणि वहीत दोन्ही शब्द शेजारी लिहितात, अर्थार्थींना दिल्लीत जे सोसावं लागलं ते त्यांच्या वाट्याला येऊ नये म्हणून.

अर्थार्थी
बाई, दोन्ही शब्द शेजारी शेजारी, हे मला अकरावीत कुणी करायला लावलं असतं तर एक वर्ष वाचलं असतं. 'आधी' हा शब्द मी मागे घेतो. इंग्रजी सोबत हवं, आधी नव्हे. 'काहीच नाही' मात्र मागे घेणार नाही, कारण सरावाचा संच अजूनही कुणी दाखवलेला नाही.

गोदाकाठ, पुतण्याच्या वहीचे फोटो पाठवा. टक्केवारी म्हणतात तशी मागची वर्षंही उतरवून घ्या. त्यावरून मागणी आणि पुरवठ्याची सहा गणितं मी या रविवारी मराठीत मांडतो, उत्तरांसकट. तपासायला बाई आहेत.

खडूफळा
तपासते. 'भाववाढ' लिहा.

अर्थार्थी
'चलनवाढ'च लिहिणार. परीक्षेत तोच शब्द येतो.