मोजक्या खर्चात सिंगापूर, आम्हा उभयतांसाठी: मदत हवी आहे

सर्वांना सप्रेम नमस्कार.

आम्ही दोघे नाशिकचे, गंगापूर रोडला राहतो. यजमान जलसंपदा विभागातून निवृत्त झाले आहेत आणि माझीही शाळेतली नोकरी आता संपली आहे. येत्या फेब्रुवारीत पाच-सहा दिवस सिंगापूर पाहून यावे असा आमचा विचार आहे. सहल कंपन्यांची पत्रके आम्ही चाळली, पण त्यांचा बहुतेक वेळ आणि आपले बहुतेक पैसे करमणुकीच्या उद्यानांत आणि खरेदीत जातात, आणि आम्हाला जे पाहायचे आहे ते त्यांत नसतेच. म्हणून स्वतः आखणी करून, विमानभाडे सोडून दोघांचा सगळा खर्च एक लाख रुपयांच्या आत बसवायचा, असे ठरवले आहे. हे शक्य आहे का, आणि कुठे काटकसर करावी व कुठे करू नये, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

आधी आम्हाला काय पाहायचे आहे ते सांगते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना सोपे जाईल. यजमानांची पहिली इच्छा मरीना बॅरेज पाहण्याची आहे. समुद्राला मिळणाऱ्या खाडीच्या तोंडावर सुमारे ३५० मीटर लांबीचा बंधारा घालून शहराच्या ऐन मध्यभागी गोड्या पाण्याचा जलाशय तयार करायचा, ही कल्पना त्यांना नोकरीत असल्यापासून खुणावते आहे. ओहोटीच्या वेळी जोराचा पाऊस झाला तर बंधाऱ्याचे नऊ पोलादी दरवाजे खाली करून जादा पाणी समुद्रात सोडतात, आणि तोच पाऊस भरतीच्या वेळी झाला तर दरवाजे बंद ठेवून सात मोठ्या पंपांनी पाणी उपसून बाहेर टाकतात, असे त्यांनी वाचले आहे. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की रामकुंड परिसरात पाणी कुठवर चढते याची चिंता ज्यांनी वर्षानुवर्षे केली, त्यांना हे प्रत्यक्ष पाहायचे असणे स्वाभाविक आहे. मला स्वतःला वनस्पती उद्यान, जुन्या वस्त्या, देवळे आणि तिथल्या लोकांचे रोजचे जगणे पाहायचे आहे. गार्डन्स बाय द बे हे खाडीकाठचे मोठे उद्यान मात्र दोघांनाही पाहायचे आहे.

आता अडचणी. यजमानांचा उजवा गुडघा दुखतो. सपाट रस्त्यावर ते आरामात चालतात, पण जिने आणि चढ त्यांना जमत नाहीत. आम्ही दोघेही पूर्ण शाकाहारी आहोत, अंडेही खात नाही. न्याहारीला दशम्या, मेतकूट, लाडू असे काही सोबत नेले तर एका वेळचा खर्च वाचेल असे वाटते. ते तिकडे नेऊ देतात का?

मुक्कामासाठी लिटल इंडिया भागातील साधी हॉटेले पाहिली. दर परवडणारे आहेत, पण कित्येक खोल्यांना खिडकीच नाही असे दिसते. तिथे राहिलेल्या कोणी सांगू शकेल का, की अशी खोली आमच्या वयाच्या माणसांना सोसते की थोडे पैसे जास्त देऊन खिडकीचीच घ्यावी? आणि तो भाग फिरण्याच्या दृष्टीने सोयीचा आहे का, की केवळ जेवणाच्या सोयीसाठी तिथे राहून प्रवासात वेळ घालवल्यासारखे होईल?

तिकीट असलेल्या जागांपैकी एक किंवा फार तर दोनच परवडतील. गार्डन्स बाय द बेमधील क्लाउड फॉरेस्ट, नाइट सफारी हे रात्रीचे प्राणिसंग्रहालय आणि मरीना बे सँड्स या हॉटेलच्या माथ्यावरची गच्ची, यांत निवड कशी करावी? शेवटचा प्रश्न व्हिसाचा आणि नाशिकहून मुंबई विमानतळ वेळेत गाठण्याचा. आपण जे अनुभवाने सांगाल त्यावर आमची आखणी उभी राहणार आहे, म्हणून कृपया सविस्तर लिहावे.

— गोदाकाठ

प्रतिसाद: कांदेनवमी

ताई, नमस्कार. मी मूळचा सिडकोतला, नोकरीनिमित्त काही वर्षे सिंगापूरला होतो. तुमची आखणी लाखाच्या आत सहज बसेल, आणि तुम्ही निवडलेल्या बहुतेक जागांना तिकीटच नाही.

मुक्काम लिटल इंडियातच करा, आणि तो जेवणापेक्षाही मेट्रोसाठी करा. तिथल्या स्थानकावर डाउनटाउन आणि नॉर्थ ईस्ट अशा दोन मार्गिका एकत्र येतात. डाउनटाउन मार्गिकेने एका दिशेला बोटॅनिक गार्डन्स स्थानक तिसरे आहे आणि दुसऱ्या दिशेला गार्डन्स बाय द बेसाठीचे बेफ्रंट चौथे. नॉर्थ ईस्टने चायनाटाउन तिसरे आणि त्याच गाडीच्या शेवटच्या स्थानकावरून सेंटोसा बेटावर जाता येते. विमानतळावरूनही चांगी स्थानकात गाडी पकडून पुढच्याच एक्स्पो स्थानकावर डाउनटाउन मार्गिकेत बदल केला की थेट लिटल इंडियात उतरता येते. सगळ्या स्थानकांत लिफ्ट आहेत, त्यामुळे काकांना कुठेही जिना चढावा लागणार नाही. मात्र खोली खिडकीचीच घ्या. बिनखिडकीच्या खोलीत वातानुकूलन चालू असते, पण सकाळ झाली की नाही हेही कळत नाही, आणि दुपारी उन्हातून येऊन दोन तास पडायचे असेल तेव्हा तो कोंदटपणा जाणवतो. दुपारी परत येऊन विश्रांती घ्यायचीच आहे, असे समजून चाला. तिथला दमटपणा नाशिककरांना चटकन थकवतो.

मेट्रो आणि बससाठी प्रत्येकाकडे स्वतःचे कार्ड लागते, एकाच कार्डावर दोघांना जाता येत नाही. आपल्या बँकेचे संपर्करहित कार्ड चालते, पण परदेशी कार्डावर वेगळे शुल्क लागते, म्हणून स्थानकावर इझी-लिंक कार्ड घेऊन पैसे भरलेले बरे. बसमधून उतरतानाही कार्ड यंत्राला लावायला विसरू नका, नाहीतर शेवटच्या थांब्यापर्यंतचे भाडे कापले जाते. एका वाहनातून उतरून ४५ मिनिटांच्या आत दुसरे पकडले तर तो एकच प्रवास धरतात, त्यामुळे बस आणि मेट्रो मिळून फिरणे स्वस्त पडते. मेट्रोत पाणी पिण्यावरही दंड आहे, हे लक्षात असू द्या.

जेवणाचे सांगतो. टेक्का सेंटरमध्ये खाली भाजी-मासळीचा बाजार आणि शेजारीच खाद्यपदार्थांच्या टपऱ्यांचे मोठे दालन आहे. त्यांत शाकाहारी दक्षिण भारतीय जेवण मिळते. सेरंगून रोडवरचे कोमला विलास १९४७ पासून चालू आहे आणि पूर्ण शाकाहारी आहे. पण रोज डोसाच खाऊ नका. बुगिस स्थानकाजवळच्या फॉर्च्यून सेंटर या जुन्या इमारतीत चिनी बौद्ध पद्धतीची कितीतरी शाकाहारी उपाहारगृहे आहेत. तिथे ताटात कोंबडी किंवा मासा दिसला तरी बिचकू नका, तो सोयाबीन आणि गव्हातल्या चिवट प्रथिनाचा (ग्लुटेनचा) केलेला असतो. याउलट इतर टपऱ्यांवर नुसत्या भाज्या दिसणाऱ्या पदार्थातही अनेकदा सांबल ही मिरचीची चटणी असते आणि तिच्यात बहुधा सुकी कोळंबी असते, म्हणून 'मांस नको' एवढे सांगून भागत नाही. मासे, कोळंबी आणि अंडे नको, हे वेगवेगळे सांगावे लागते. अशा दालनांत रिकाम्या टेबलावर कागदी रुमालांची पुडी दिसली तर ती जागा कोणीतरी राखलेली आहे असे समजायचे, आणि जेवण झाल्यावर आपले ताट नेमून दिलेल्या जागी स्वतः नेऊन ठेवायचे. तसे न केल्यास दंड होऊ शकतो. पिण्याचे पाणी विकत घेऊ नका, नळाचे पाणी बिनधास्त प्या.

फॉर्च्यून सेंटरच्या जवळ वॉटर्लू स्ट्रीटवर कृष्णाचे देऊळ आणि त्याला लागून चिनी कुआन यिम देवीचे देऊळ आहे. देवीच्या दर्शनाला आलेले चिनी भाविक तिथून निघून कृष्णाच्या देवळापुढेही उदबत्ती लावून हात जोडतात. तुम्हाला लोकांचे रोजचे जगणे पाहायचे आहे म्हणालात, तर सकाळी अर्धा तास तिथे नुसते उभे राहा.

मरीना बॅरेज संध्याकाळी पाहा. गच्चीवर हिरवळ आहे, लोक तिथे पतंग उडवायला येतात, आणि वर जायला चढती वाट असली तरी ती मंद उताराची आहे. शिवाय लिफ्टही आहे. प्रवेश विनामूल्य आहे. या जलाशयाचे पाणलोट क्षेत्र सुमारे १०,००० हेक्टर, म्हणजे देशाच्या भूभागाचा जवळजवळ सहावा हिस्सा आहे. तिथल्या प्रदर्शनात काकांना हे सगळे समजावून दिलेले मिळेल. तिथून सपाट वाटेने गार्डन्स बाय द बेला या. तिथल्या महावृक्षांच्या, म्हणजे झाडांच्या आकाराच्या उंच मनोऱ्यांच्या, खाली फिरायला पैसे नाहीत, आणि रात्री पावणेआठ व पावणेनऊ वाजता होणारा प्रकाश व संगीताचा कार्यक्रमही विनामूल्य आहे.

तिकीट काढायचे तर क्लाउड फॉरेस्टचे काढा. काचेच्या घुमटात ३५ मीटर उंचीचा धबधबा आहे, लिफ्टने माथ्यावर नेतात आणि मग उताराच्या वाटेने रमतगमत खाली यायचे असते, त्यामुळे गुडघ्याला त्रास नाही. मरीना बे सँड्सच्या गच्चीऐवजी डक्स्टन भागातील पिनॅकल या सरकारी वसाहतीच्या ५०व्या मजल्यावरचा पूल पाहा. नाममात्र शुल्क आहे आणि तिथून शहर तर दिसतेच, पण तीन चतुर्थांशांहून अधिक लोक राहतात ती सरकारी घरे कशी असतात हेही समजते. नाइट सफारी १९९४ पासूनची आणि तशा प्रकारची जगातली पहिली, हे खरे; पण शहरापासून दूर आहे, तिकीट महाग आहे आणि परतायला मध्यरात्र होते. माझ्या मते तुमच्या आखणीत ती बसत नाही.

वनस्पती उद्यान १८५९ चे आहे आणि २०१५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. झाड न मारता रबराचा चीक काढण्याची पद्धत याच उद्यानाच्या रिडली नावाच्या संचालकांनी बसवली, आणि त्यावर मलायातल्या रबराच्या मळ्यांचे सारे अर्थकारण उभे राहिले. उद्यानाला तिकीट नाही, फक्त आतल्या ऑर्किड विभागाला आहे, आणि तो अवश्य पाहावा.

प्रतिसाद: शेवंता

गोदाकाठताई, दशम्या, लाडू, मेतकूट नेण्याआधी एक गोष्ट कृपया काळजीपूर्वक वाचा. सिंगापूरमध्ये खसखस ही अमली पदार्थविषयक कायद्याखाली निषिद्ध वस्तू मानली जाते. आपल्या घरच्या गोड्या मसाल्यात, अनारशांवर, कधीकधी डिंकाच्या आणि मेथीच्या लाडवांतही खसखस असते, आणि ती घातल्याचे आपल्या लक्षातही राहत नाही. म्हणून या प्रवासासाठी लाडू मुद्दाम खसखस न घालता वळा आणि घरचा मसाला नेऊच नका. तंबाखू, मावा, गुटखा आणि च्युइंगगम हेही सामानात अजिबात नको. काकांना गुडघ्यासाठी किंवा झोपेसाठी काही गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी सोबत ठेवा आणि त्या औषधाला आधी परवानगी लागते का हे तिथल्या आरोग्य खात्याच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. कोडीनयुक्त आणि झोपेच्या काही औषधांना ती लागते.

प्रतिसाद: मुंबईनाका

व्हिसासाठी सिंगापूरच्या दूतावासाने मान्यता दिलेल्या एजंटांची यादी दूतावासाच्या संकेतस्थळावर असते; त्यांच्यापैकीच कोणाकडून तरी अर्ज करा. सरकारी शुल्क ३० सिंगापूर डॉलर आहे, त्यावर एजंटाचे शुल्क वेगळे. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेनंतर किमान सहा महिने शिल्लक हवी. याशिवाय पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत आगमनपत्र ऑनलाइन भरावे लागते. ते पूर्णपणे विनामूल्य आहे. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे सरकारी नव्हेत, तिकडे फिरकू नका.

मुंबईसाठी, रात्रीचे विमान असेल तर दुपारीच निघा. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये इगतपुरीच्या पुढे भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत खुला झाल्यापासून कसारा घाटाची अडचण उरलेली नाही, पण खरा वेळ भिवंडी ते ठाणे या पट्ट्यात जातो आणि तो किती जाईल याचा भरवसा नसतो. सामान कमी असेल तर नाशिक रोडहून रेल्वेने ठाण्याला उतरून पुढे टॅक्सी करणे मला अधिक खात्रीचे वाटते.

आणखी एक: तारखा पक्क्या करण्याआधी चिनी नववर्ष कधी आहे ते पाहा. ते जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या मध्यानंतरपर्यंत कधीही येते. त्या दोन-तीन दिवसांत चिनी टपऱ्या आणि दुकाने मोठ्या प्रमाणात बंद असतात.

गोदाकाठ

आपणा सर्वांची मी अत्यंत आभारी आहे. खसखशीची गोष्ट आम्हाला ठाऊकच नव्हती. डिंकाचे लाडू आता तिच्याविना वळेन. नाइट सफारी आम्ही वगळली आहे आणि खोली खिडकीचीच घेतो आहोत. तारखा चिनी नववर्षानंतरच्या आठवड्यात ठेवल्या आहेत. यजमानांची एक शंका राहिली आहे: बॅरेजचे दरवाजे किंवा पंप प्रत्यक्ष चालू असताना पाहता येतात का, की ते केवळ नशिबावर अवलंबून आहे?

प्रतिसाद: कांदेनवमी

ताई, दरवाजे पावसावर अवलंबून असतात, त्यामुळे वेळ सांगता येत नाही, आणि फेब्रुवारीच्या शेवटी पाऊस त्यामानाने कमी असतो. पण पंपांची जागा काचेतून पाहता येते. काकांनी आधी प्रदर्शन पाहावे आणि मग बंधाऱ्यावरच्या पुलावरून चालत जावे. एका बाजूला जलाशय आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असतो, आणि दोन्हीकडच्या पातळ्यांतला फरक ओहोटीच्या वेळी डोळ्यांना स्पष्ट दिसतो. त्या दिवसाचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून ओहोटीची वेळ साधा.