सोलापूरच्या तळघरात आंबट बिअर मुरवता येईल का?

बाळीवेसकर (प्रश्न)

नमस्कार. माझा पुतण्या नोकरीनिमित्त ब्रुसेल्सला असतो. गेल्या तीन फेऱ्यांत, सीमाशुल्काच्या दोन लिटरच्या सवलतीत बसतील एवढ्याच, अशा एकूण दहा बाटल्या त्याने माझ्यासाठी आणल्या: पाऊण लिटरच्या चार ग्यूझ (बेल्जियमची मुरवलेली आंबट बिअर), लहान बाटलीतल्या दोन क्रीक (तशीच, चेरी घातलेली), एक फ्रॅम्ब्वाझ (रासबेरी घातलेली) आणि तीन ओर्वाल (तिथल्या एका मठातली बिअर). ग्यूझ मर्यादित संख्येने निघालेल्या आहेत आणि पुन्हा मिळतीलच याची खात्री नाही, असे तो सांगतो. शिवाय पुण्याहून आणलेले, पॅशनफ्रूट घातलेल्या आंबट बिअरचे दोन कॅन आहेत.

आमचा वाडा जुना, दगडी आहे आणि त्याला तळघर आहे, जिथे आजोबांच्या काळी ज्वारीची पोती असत. बाटल्या मी तिथे जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून आडव्या ठेवल्या आहेत. बेल्जियममध्ये अशी बिअर तळघरात दहा-दहा वर्षे ठेवतात, असे वाचल्यामुळे मला वाटले की आपलीही सोय आयतीच आहे. तरी खात्रीसाठी तापमापक लावला, तर डिसेंबरमध्ये २३ अंश, मार्चअखेर २८ अंश आणि गेल्या वर्षी मेमध्ये, बाहेर ४३ असताना, ३१ अंश अशा नोंदी मिळाल्या. बाहेरच्या मानाने हे थंडच आहे. पण ते पुरेसे थंड आहे का? आणि या बाटल्यांपैकी कोणत्या ठेवाव्यात, कोणत्या संपवाव्यात?

जुना हिशेबनीस

आपल्या नोंदींतच उत्तर आहे. जमिनीत जसजसे खोल जावे तसतसे तापमान त्या गावाच्या वार्षिक सरासरीकडे झुकत जाते. ब्रुसेल्सची सरासरी सुमारे १० ते ११ अंश आहे, त्यामुळे तिथल्या माणसाने तळघर खणले की त्याला बिअर ठेवायला हवी तेवढी, म्हणजे १० ते १४ अंशांची, थंडी फुकट मिळते. सोलापूरची सरासरी २७ च्या आसपास आहे. आपण वाड्याखाली आणखी दोन मजले खणलेत तरी वर्षभर त्याहून थंड राहणारी जागा मिळणार नाही. तळघर ही युक्ती मुळात तिथल्या हवेची आहे. आपल्याकडे आली ती फक्त तिची कीर्ती. आपल्या तळघराची बांधणी धान्यासाठी झाली आणि त्या कामाला ते आजही उत्तम आहे.

आता बाटल्यांविषयी. आंबट बिअर म्हटली की सगळी एकाच माळेत ओवली जाते, तिथे घोटाळा होतो. पुण्याच्या कॅनमधली बिअर बहुधा ‘केटल सावर’ पद्धतीची असेल. त्या पद्धतीत लॅक्टोबॅसिलस जिवाणूंकडून एक-दोन दिवसांत आंबटपणा आणवतात, मग द्रव उकळून ते जिवाणू मारतात आणि नंतर नेहमीचे यीस्ट घालतात. तिच्यात पुढे मुरण्यासारखे फारसे काही उरलेले नसते; ती ताज्या ताकासारखी समजावी आणि याच आठवड्यात संपवावी.

ग्यूझची गोष्ट निराळी आहे. ती लॅम्बिक नावाच्या आंबट बिअरपासून होते. लॅम्बिक बनवताना साधारण ऑक्टोबर ते एप्रिल या थंड महिन्यांत उकळलेला द्रव रात्रभर उथळ, उघड्या हौदात निवत ठेवतात आणि हवेतले व लाकडातले जंतूच त्याला आंबवतात. त्यात ३० ते ४० टक्के मोड न आणलेला गहू असतो आणि हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुले) मुद्दाम जुने, कडूपणा गेलेले वापरतात. एक, दोन आणि तीन वर्षे पिंपात राहिलेल्या लॅम्बिकचे मिश्रण करून बाटलीत भरले, की कोवळ्या लॅम्बिकमधल्या उरलेल्या साखरेवर बाटलीतच पुन्हा आंबवण होते; हीच ग्यूझ. तिच्यातले ब्रेटानोमायसिस हे यीस्ट वर्षानुवर्षे सावकाश काम करत राहते, म्हणून ती खऱ्या अर्थाने मुरते. क्रीक आणि फ्रॅम्ब्वाझसुद्धा टिकतात, परंतु चेरीचा आणि रासबेरीचा ताजा गंध, ज्यासाठी आपण पैसे मोजलेले असतात, तो आधी उडतो आणि मागे नुसता आंबटपणा राहतो. त्या तिन्ही उन्हाळ्याआधी उघडाव्यात.

चादरीबद्दल एवढेच, की ती उजेड अडवते. हिरव्या काचेच्या बाटल्यांना त्याची गरजही आहे, कारण उजेड लागला की हॉप्समधल्या द्रव्यांपासून गंधकाचा उग्र वास तयार होतो. उष्णता मात्र ती अडवत नाही.

साखर पेठेतला

वरच्या उत्तरातले शास्त्र मान्य आहे, पण तळघरावरचा निकाल मला जरा कडक वाटतो. जिवंत बिअर २८ अंशांना एकदम मरत नाही; तिचे घड्याळ जोरात पळू लागते, एवढेच. मी हे ओर्वालवर करून पाहिले आहे. ओर्वालमध्ये बाटली भरताना ब्रेटानोमायसिस घालतात, त्यामुळे ती दर महिन्याला बदलते आणि ग्यूझच्या मानाने स्वस्त असल्याने प्रयोगाला परवडते.

मी दोन बाटल्या आमच्या घरातल्या सर्वांत आतल्या खोलीत, भिंतीतल्या कपाटात ठेवल्या होत्या. पहिली पाच महिन्यांनी उघडली. हॉप्सचा ताजा वास गेला होता आणि त्या जागी चामड्याचा, घोड्याच्या खोगिरासारखा वास आला होता. कडूपणा उतरला होता, फेस मात्र भरगच्च होता. थंड जागेत वर्षभराने जे घडते ते इथे पाच महिन्यांत घडले, असा मी त्याचा अर्थ लावला आणि स्वतःवर खूश झालो. दुसरी बाटली पूर्ण उन्हाळा काढून चौदाव्या महिन्यात उघडली, तर ओल्या पुठ्ठ्याचा वास येत होता. तो वास प्राणवायूमुळे येतो आणि उष्णतेत ती क्रिया फार वेगाने होते. म्हणजे दिवाळीपासून होळीपर्यंत तळघर चालते, पण चैत्र लागला की तिथून बाटल्या काढल्या पाहिजेत.

आणखी एक सावधगिरी अशी, की ग्यूझमध्ये वायूचा दाब भरपूर असतो आणि बाटली तापली की तो वाढतो. काच जाड असते म्हणून सहसा फुटत नाही, परंतु ३० अंशांवरची बाटली उघडली तर अर्धी बिअर छताला लागेल. आधी दोन दिवस ती फ्रिजमध्ये उभी ठेवावी, म्हणजे गाळही तळाशी बसतो.

(‘आंबटशौकीन’ हे नाव मी इथे घेणार होतो, ते कुणीतरी आधीच पटकावले होते.)

होटगी रोड

मी या बाबतीत पैसे घालवून शिकलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. प्रथम मी बारा बाटल्यांचा, काचेच्या दाराचा छोटा वाइन कूलर घेतला. त्यावर १२ अंश लावले, तर एप्रिलच्या दुपारी आत २४ अंश दिसू लागले. दुकानदार म्हणाला की यंत्र ठीक आहे, आणि ते खरेच होते. त्या जातीच्या कूलरमध्ये कॉम्प्रेसर नसतो आणि ते खोलीपेक्षा साधारण १५ ते २० अंशच खाली जाऊ शकतात. युरोपातल्या घरात ते पुरते, आपल्याकडे नाही.

मग जुना एकदारी फ्रिज घेतला आणि त्याला बाहेरून डिजिटल तापमान नियंत्रक जोडला. फ्रिजचा स्वतःचा थर्मोस्टॅट ४-५ अंशांच्या बेताने चालतो; हा नियंत्रक १३ अंशांपाशी वीज तोडतो आणि १४ च्या वर गेले की पुन्हा जोडतो. त्याचा सेन्सर हवेत लोंबत ठेवला तर दार उघडताच कॉम्प्रेसर सुरू होतो, म्हणून मी तो पाण्याने भरलेल्या एका बाटलीत बुडवून ठेवला आहे. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या रचल्या आहेत. गेल्या मेमध्ये चार तास वीज नव्हती, तेव्हा आतले तापमान दोन अंशांनीच चढले.

उष्णता काय करते हे मोठ्या प्रमाणावर पाहायचे असेल तर ड्री फोंटाइननचे उदाहरण आहे. ब्रुसेल्सजवळच्या बीअरसेल गावातल्या या प्रसिद्ध लॅम्बिकवाल्यांकडे मे २००९ मध्ये साठवणखोलीचा थर्मोस्टॅट बिघडला आणि खोली भट्टीसारखी तापली. काही बाटल्या फुटल्या, आणि ज्या फुटल्या नाहीत अशा हजारो बाटल्याही विकण्याजोग्या राहिल्या नाहीत. शेवटी त्यांनी ती बिअर ऊर्ध्वपातन करून तिचे कडक मद्य केले. आपल्यापाशी तोही मार्ग नाही, कारण घरी ऊर्ध्वपातन हा गुन्हा आहे.

कायद्यावरून आठवले: आपल्या राज्यात दारू जवळ बाळगायला परवाना लागतो आणि साठ्यालाही मर्यादा असते. राज्य उत्पादन शुल्क खात्याकडून परवाना काढून ठेवावा. संग्रह करणाऱ्याने एवढे तरी करावेच.

बाळीवेसकर

सर्वांचे मनापासून आभार. वार्षिक सरासरीचा मुद्दा वाचून आधी हिरमुसलो, नंतर हसू आले, कारण गेली दोन वर्षे मी पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने ते तळघर दाखवत होतो.

पुण्याचे दोन्ही कॅन त्याच संध्याकाळी संपले. रविवारी एक क्रीक उघडली. रंग कोकमाच्या आगळासारखा गडद होता, फेस गुलाबी होता आणि तळाशी चमचाभर गाळ राहिला. सौभाग्यवतींनी एक घोट घेतला, तोंड वाकडे केले आणि विचारले, “यात साखर घालायची राहिली का?” दुसऱ्या घोटानंतर मात्र पेला परत मिळाला नाही. दुसरी क्रीक आणि फ्रॅम्ब्वाझ पुतण्या पाडव्याला येईल तेव्हा उघडू.

वरच्या मजल्यावरचा जुना फ्रिज दुरुस्तीला दिला असून नियंत्रकही मागवला आहे. तोपर्यंत तीन ग्यूझ आणि दोन ओर्वाल घरच्या फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्यात आडव्या ठेवल्या आहेत. चौथी ग्यूझ आणि तिसरी ओर्वाल मात्र मी मुद्दाम तळघरातच, चादरीसकट राहू दिली आहेत. दिवाळीत वरची आणि खालची अशा दोन्ही शेजारी शेजारी ठेवून उघडीन आणि काय निघाले ते इथे लिहीन.