मदत हवी आहे: पंपरूममधले फ्लेमप्रूफ दिवे सगळे उघडून तपासायचे का?

क्रूड तेलाचं टँकर जहाज, कार्गो पंपरूम, एक्स-डी (म्हणजे फ्लेमप्रूफ) दिवे. व्हेटिंग इन्स्पेक्शन (तेल कंपन्यांसाठी होणारी जहाजाची तपासणी) जवळ आलंय. दोन दिव्यांच्या कव्हरचा एकेक बोल्ट गायब आहे, काही नेमप्लेटवर रंग चढलाय आणि रजिस्टरमध्ये नुसतं "तपासले, ठीक" लिहिलंय. चीफ इंजिनिअर म्हणतात, सगळे उघडा. मेगरही (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) मारायचाय.

प्रतिसाद १
सरसकट उघडू नका, कव्हर आणि बॉडीमधले चांगले सांधे त्यातच ओरखडतात. आयईसी ६००७९-१७ मध्ये (स्फोटक वायूच्या जागेतल्या विद्युत उपकरणांच्या तपासणीचं मानक) तपासणीचे तीन स्तर आहेत: नजरेने, जवळून आणि सविस्तर. कव्हर उघडायची वेळ सहसा तिसऱ्यातच येते, तीही नमुन्यादाखल चालते. नमुन्यात दोष निघाला तर नमुना वाढवा.

बोल्टचं मात्र आजच बघा. एक्स-डी मध्ये आत स्फोट होणार हे गृहीतच धरलेलं असतं. ज्वाला फ्लँजच्या (सांध्याच्या सपाट कडेच्या) फटीतून येताना थंड व्हायला हवी. बोल्ट नसेल तिथे दाबाने फ्लँज उचलला जातो, फट वाढते. नवा बोल्ट बसेपर्यंत तो दिवा आयसोलेट (वीज तोडून) ठेवा. बोल्टचा व्यास, लांबी आणि ग्रेड सर्टिफिकेटप्रमाणेच हवा. ८.८ (पोलादी बोल्टच्या ताकदीचा ग्रेड) च्या जागी स्टोअरमधला चकचकीत ए२-७० स्टेनलेस लावतात, तो कमजोर पडतो.

प्रतिसाद २
उघडाल त्या दिव्याचा सांधा वायर ब्रशने किंवा पॉलिश पेपरने घासू नका. मऊ फडकं, सॉल्व्हंट, प्लॅस्टिकची पट्टी, बस. मग न सुकणाऱ्या ग्रीसचा पातळ थर. सिलिकॉन ग्रीस टाळलेलं बरं. पंपरूमचे गॅस डिटेक्टर कॅटॅलिटिक (तापलेल्या सेन्सरवर वायू जाळून मोजणारे) असतील तर सिलिकॉनच्या वाफेने ते बधिर होतात, आणि रीडिंग शून्य दिसतं म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

मेगर स्विचबोर्डवरून मारला तरी ५०० व्होल्ट पंपरूममधल्या टोकापर्यंत जातातच. त्यामुळे गॅस-फ्री (जागेत ज्वलनशील वायू नसल्याची खात्री) आणि कामाचं परमिट आधी. एलईडी ड्रायव्हर असेल तर दोन्ही वायर एकत्र जोडून अर्थशी मोजा, वायर-वायरमध्ये नको.

धागाकर्ता
आभार. रंगवलेले दिवे बाद धरायचे का?

प्रतिसाद १
नाही. कव्हर बसवल्यावर बाहेरून दिलेला रंग हा दोष नव्हे. सांध्याच्या आतल्या पृष्ठभागावर असेल तर दोष. नेमप्लेट थिनरने हलकेच पुसा, खरवडू नका. तरीही वाचता आली नाही तर दिव्याला टॅग नंबर द्या आणि रजिस्टरमध्ये त्यापुढे सर्टिफिकेट नंबर, गॅस ग्रुप (कोणत्या वायूंत चालतो), टी-क्लास (पृष्ठभागाच्या कमाल तापमानाचा वर्ग) लिहा. सर्टिफिकेट नंबराच्या शेवटी एक्स (X) असेल तर त्या दिव्याला खास अटी आहेत, त्या सर्टिफिकेटमध्ये वाचून मगच हात लावा. नोंदीत तपासणीचा स्तर, सापडलेला दोष आणि केलेली दुरुस्ती येऊ द्या.

प्रतिसाद २
न वापरलेली केबल एंट्रीही (दिव्यात केबल शिरायचं भोक) बघून घ्या. तिथे प्लॅस्टिकचं वाहतुकीचं टोपण राहून गेलेलं असतं. सर्टिफाइड धातूचा प्लग हवा.