मदत हवी आहे: खाली बोगदा, वर इमारत आणि चौक. झाडेही अडकली, खांबही अडकले

नकाशावाली
नमस्कार. घाईत लिहिते आहे, समजून घ्या. एका सार्वजनिक इमारतीचे आणि तिच्यापुढच्या चौकाचे काम माझ्याकडे आहे. प्लॉटखालून मेट्रोचा बोगदा जातो. चौकात मोठी झाडे हवीत, ही सुरुवातीपासूनची कल्पना आहे. आता स्ट्रक्चरलवाले म्हणतात झाडांच्या मातीचे वजन चालणार नाही. मेट्रोच्या इंजिनिअरांनी खांबांचे ड्रॉइंग लाल खुणा करून परत पाठवले. सोमवारी सादरीकरण आहे. झाडे वाचवायची कशी आणि खांब कुठे न्यायचे, एवढेच सांगा. कोणी असे काम केले आहे का?

ओळंबा
बोगदा बॉक्सचा, म्हणजे काँक्रीटचा चौकोनी आहे, की मशीनने खोदलेला गोल? माथ्यावर माती किती? गाड्या सुरू आहेत का? हे कळल्याशिवाय कोणी काही सांगितले तर ते अंदाजपंचे असेल.

हिरवाई
झाडे सोडू नका! मातीऐवजी जिओफोम वापरा. थर्मोकोलचे मोठे ठोकळे असतात, घनमीटरला २०-३० किलो वजन. भिजलेली माती घनमीटरला दोन टनांच्या आसपास जाते. शिकागोच्या मिलेनियम पार्कमध्ये (२००४) खाली रेल्वे आणि पार्किंग आहे, वर बाग आहे, आणि तिथले चढ-उतार फोमवर उभे केले आहेत. मी स्वतः छतावरच्या तीन बागांत हे केले आहे. तुमचा प्रश्न यातच सुटतो.

नकाशावाली
@ओळंबा बॉक्स आहे. कट अँड कव्हर, म्हणजे वरून खोदून, बांधून पुन्हा झाकलेला. गाड्या धावतात. माथ्यावर चारएक मीटर माती.
@हिरवाई हेच हवे होते! ठोकळ्यांची जाडी किती धरू?

पायाभरणी
थांबा. फोम धरण्याआधी एक सांगा, भूजल किती खोल आहे? बॉक्स पाण्याच्या पातळीखाली असेल तर तो रिकाम्या डब्यासारखा वर येऊ पाहतो. त्याला खाली दाबून ठेवणाऱ्या गोष्टींत माथ्यावरची ती चार मीटर मातीही आहे. माती काढून फोम भरलात तर वजन वाचेल, पण बोगदा उचलला जाण्याची भीती उभी राहील. हिरवाई यांच्या बागा छतावर होत्या. छताला खालून पाणी ढकलत नाही.

हिरवाई
मी सगळी माती काढा असे म्हटले नाही. नवीन भराव फोमचा करा म्हटले. दोन्हीत फरक आहे.

पायाभरणी
फरक आहे, मान्य. पण त्यांनी ठोकळ्यांची जाडी विचारली, आणि जाडी मिळाली की माणूस तेवढे खोदतो. म्हणून आधीच बोललो.

सावली
मूळ प्रश्न बाजूला ठेवून विचारते, चौकाला झाडे हवीतच का? चांगले चौक बसायच्या जागांमुळे आणि कडेच्या दारांमुळे भरतात. मी आधी ऊन-सावली आणि वारा तपासला असता.

नकाशावाली
झाडे हवीत. ते ठरले आहे. कृपया त्यावर चर्चा नको. पाण्याची पातळी माती परीक्षणाच्या अहवालात असेल, बघते.

ओळंबा
खांबांबद्दल बोलू. लाल खुणा नेमक्या कशावर आहेत? बॉक्सची रुंदी किती, प्लॉटला तो सरळ कापतो की तिरका, आणि तुमचे खांब त्याच्यापासून किती अंतरावर आहेत?

नकाशावाली
रुंदी १२ मीटर. तिरका जातो. खांब ९ मीटरच्या ग्रिडवर (आखीव चौकटीवर) आहेत, त्यातली एक रांग बॉक्सवरच येते. दुसरी त्याच्या कडेला, मीटरभर अंतरावर.

पायाभरणी
मग लाल खुणा होणारच, ताई. बोगद्याच्या माथ्यावर इमारतीचा खांब टेकवायची परवानगी तो बॉक्स मुळात त्यासाठी बांधला असेल तरच मिळते. आणि बॉक्सच्या भिंतीपासून मीटरभर अंतरावर पाइल (जमिनीत खोल जाणारा पायाचा खांब) खोदणे म्हणजे तिच्या कुशीतली माती सैल करणे. प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे असतात, पण कल्पना यावी म्हणून हाँगकाँगचे सांगतो. तिथे रेल्वेच्या कडेपासून साधारण ३० मीटरचा पट्टा संरक्षित धरतात, बोगद्याच्या ३ मीटरच्या आत पाइल नको, आणि तुमच्या कामामुळे बोगदा एकूण २० मिमीपेक्षा जास्त हलता कामा नये. तुमच्या मेट्रोचे असेच एक पत्रक असणार. ते मागवले का?

आता तोच हिशेब तुमच्याकडे. १२ अधिक दोन्हीकडे ३-३, झाले १८. त्यात पाइलची जाडी मिळवा, मध्यापासून मध्यापर्यंत २० मीटरच्या जवळ जाते. हे बोगद्याला काटकोनात मोजलेले अंतर आहे. तुमचे ग्रिड तिरके असल्यामुळे तुळई त्याहून लांब होईल.

तुळई
म्हणून ग्रिड फिरवा. इमारत प्लॉटच्या कडेला समांतर असलीच पाहिजे असे कोणी सांगितले? खांबांच्या दोन रांगा बोगद्याला समांतर टाका, वरचे मजले हवे तसे फिरवा.

लंडनच्या ब्रॉडगेटमधले एक्स्चेंज हाउस (१९९०) बघा. लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनच्या रुळांवर दहा मजले आहेत आणि ते ७८ मीटरच्या कमानींवर पेलले आहेत. पुलाचा विचार इमारतीला लावला आहे. रुळांमध्ये खांब टेकवायला जागाच नव्हती. कमान दर्शनी भागात उघडी ठेवली, त्यामुळे भार कुठून कुठे जातो ते रस्त्यावरच्या माणसाला दिसते. तुमचे २० मीटर त्यापुढे काहीच नाहीत. पूर्ण मजल्याच्या उंचीचा ट्रस (त्रिकोणी सांगाड्याची तुळई) टाकला तर सहज पेलेल.

पुलाखालचा
वेस्टमिन्स्टर स्टेशनचे कामही वाचा. ३९ मीटर खोल खड्डा खोदला, आणि शेजारचा बिग बेनचा मनोरा कलू नये म्हणून जमिनीत टप्प्याटप्प्याने ग्राउट (सिमेंटचे पातळ मिश्रण) सोडत गेले. अचंबित करणारे काम आहे.

ओळंबा
काम मोठे आहे, पण प्रश्न उलटा आहे. तिथे इमारत आधी होती आणि खोदकाम नंतर. इथे बोगदा आधी आहे. ग्राउटचा इथे उपयोग नाही.

नकाशावाली
@तुळई ट्रस ठीक, पण ट्रान्सफर गर्डर (वरच्या खांबांचा भार बाजूला नेणारी मोठी तुळई) धरला तरी तो दोन मीटर खोल होतो. मग तळमजला वर जातो आणि चौकातून सरळ आत जाता येत नाही. पायऱ्या नकोत. सगळ्यांना चालत, चाकाच्या खुर्चीवरून, बाबागाडी घेऊन थेट आत येता यावे, हा या इमारतीचा जीव आहे.

तुळई
मग चौकच हळूहळू वर चढवा. कॅल्गरीचे सेंट्रल लायब्ररी (२०१८, वास्तुरचना स्नोहेटा आणि डायलॉग या संस्थांची) बघितले का? तिथे लाइट रेल (शहरातली हलकी रेल्वे) प्लॉटमधून वळण घेत जमिनीत उतरते. त्यांनी आधी रुळांवर वळणदार कवच बांधले, गाड्या चालू ठेवून. मग प्रवेश त्या कवचाच्या वर उचलला आणि दोन्ही बाजूंनी जमीन चढवत नेली. आधी जिथे रूळ दोन भागांना तोडत होते, तिथे आता लोक वरून चालत पलीकडे जातात. अडचणीतूनच इमारतीचा आकार आला.

पायाभरणी
चढवा म्हणणे सोपे आहे. चढ म्हणजे भराव, आणि भराव म्हणजे बॉक्सवर वजन. त्या स्लॅबचे मूळ ड्रॉइंग मिळवा. त्यावर वरून किती जादा भार धरला होता ते लिहिलेले असते. ठोकताळ्यासाठी, चौकातल्या गर्दीला चौरस मीटरला अर्धा टन धरतात. आणि झाडासाठी १.२ मीटर ओली माती टाकली तर दोन टनांच्या वर गेलात. एका झाडाने चार-पाच पट गर्दी उभी केली म्हणा.

हिरवाई
इथे फोमच लागेल, हे आता तरी मान्य करा. वर चढवायचा भराव फोमचा. खालची माती जशीच्या तशी.

पायाभरणी
हे मान्य. त्याही फोमला पाणी लागू देऊ नका, तो तरंगतो. आणि वर पुरेसे दडपण ठेवा.

शांतस्वर
एक विचारू? इमारत कसली आहे? दोन दिवस वाचतो आहे, कुठे दिसले नाही.

नकाशावाली
ग्रंथालय. लिहिले नव्हते का? पाच मजले. वाचनकक्ष चौकाच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर.

शांतस्वर
म्हणजे बरोबर बोगद्यावर. वाचनकक्ष! सगळ्या इमारतीत जिथे शांतता हवी तीच जागा.

कंपनांबद्दल कोणीच बोलले नाही म्हणून सविस्तर लिहितो. गाडीचा आवाज हवेतून वर येत नाही. चाक आणि रूळ यांचे कंपन बॉक्समधून जमिनीत, तिथून पाइलमध्ये, खांबात आणि शेवटी भिंती-छतात पोहोचते. भिंत थरथरते आणि खोलीत घुमल्यासारखा आवाज येतो. जाड काच किंवा फॉल्स सीलिंग लावून तो जात नाही. तो वाटेतच अडवावा लागतो. खांबाच्या डोक्यावर रबराचे बेअरिंग किंवा पोलादी स्प्रिंग बसवून त्यावर इमारत ठेवायची. लंडनमध्ये सेंट जेम्सेस पार्क स्टेशनवरच्या ऑल्बनी कोर्टला १९६० च्या दशकातच रबरावर बसवले आहे, म्हणजे हे नवे नाही.

अंदाज घ्यायचा सोपा मार्ग आहे. इमारतीच्या भाराने स्प्रिंग जितकी दबते, त्यावर तिची वारंवारता, म्हणजे ती सेकंदाला किती वेळा हलते, ते ठरते. अडीच मिमी दबली तर साधारण १० हर्ट्झ, सोळा मिमी दबली तर ४ हर्ट्झ. वारंवारता जितकी खाली, तितकी कंपने जास्त अडतात. रबर बहुधा ८ ते १२ मध्ये असते, स्प्रिंग ३ ते ५ पर्यंत नेता येते.

रूळवाला
इमारतीला स्प्रिंग लावण्यापेक्षा रुळाखाली उपाय करा. मी ट्रॅकच्या कामात वीस वर्षे काढली. रूळ तरंगत्या स्लॅबवर, म्हणजे रबर किंवा स्प्रिंगवर ठेवलेल्या काँक्रीटवर असले की वरच्या सगळ्यांचा त्रास एकदम कमी होतो. उगमाशीच थांबवावे, हाच योग्य मार्ग.

शांतस्वर
नवी मार्गिका असती तर मीही हेच म्हटले असते. पण गाड्या धावत आहेत. एका इमारतीसाठी चालू मार्ग उखडायला कोण देईल? रात्रीच्या दोन-तीन तासांत तरंगता स्लॅब होत नाही.

रूळवाला
स्लॅब नाही, पण रुळाखालचे पॅड बदलून मऊ फास्टनिंग (रूळ धरून ठेवणारी पकड) रात्रीच्या ब्लॉकमध्ये बसवता येते. मी बसवले आहे. निदान विचारायला हरकत नाही.

शांतस्वर
ते खरे, विचारावे. पण मेट्रोच्या होकारावर डिझाइन टांगून ठेवू नका. आणि आधी मोजा. गाड्या चालू आहेत हा तुमचा फायदाच आहे. प्लॉटवर यंत्रे ठेवून आजच कंपन मोजता येते, बांधून झाल्यावर कळण्यापेक्षा बरे.

आणखी एक. एका इमारतीत बेअरिंग उत्तम बसवले होते, पण प्लंबरने एक पाइप दोन्हीकडे घट्ट पकडला, आणि बाहेरचा जिना खालच्या भिंतीला टेकला. वाचनाच्या खोलीत घुमणे तसेच राहिले. शोधायला तीन महिने लागले. स्प्रिंगच्या वरचे आणि खालचे कुठेही एकमेकांना लागता कामा नये.

ओळंबा
ग्रंथालय म्हटल्यावर भाराचाही विचार बदलतो. पुस्तकांचे दाटीचे रॅक ऑफिसच्या दुप्पट-तिप्पट भारी. ते २० मीटरच्या गाळ्यावर ठेवू नका. रॅक पलीकडे, साध्या जमिनीवरच्या भागात न्या. बोगद्यावर हलके ठेवा: प्रवेश, मुलांचा विभाग, जिना, मोकळी जागा. वाचनकक्षही रॅकसारखाच पलीकडे, बोगद्यापासून लांब.

वाटसरू
माझा छोटा मुद्दा. बोगद्याची हवा बाहेर सोडणारे शाफ्ट आणि आपत्कालीन जिने तुमच्या चौकात येतात का? आमच्याकडे ते शेवटी आठवले आणि लोखंडी जाळीचा चौथरा ऐन मधोमध आला. आगीच्या वेळी तिथूनच धूर निघतो, त्यामुळे इमारतीची हवा घेणारी तोंडे त्यापासून लांब लागतात.

नकाशावाली
एक शाफ्ट आहे, उत्तरेच्या कोपऱ्यात. तिथे मी कॅफेची बैठक दाखवली होती. काढते.

झाडांचे मात्र अजून कोणी नीट सांगितले नाही.

हिरवाई
मीच सांगतो, आणि माझे आधीचे थोडे मागे घेतो. मोठी झाडे बोगद्यावर नकोच. एक तर मुळे स्लॅबच्या वॉटरप्रूफिंगला जातात. दुसरे, तो थर कधी गळायला लागला तर मेट्रोला वरून खोदावे लागेल, आणि तेव्हा तुमची वीस वर्षांची झाडे पहिली जातील. बॉक्सच्या दोन्ही बाजूंना नैसर्गिक जमीन आहे ना? मोठी झाडे तिथे, थेट जमिनीत. मुळांना खोलीपेक्षा पसारा लागतो, फरशीखालून सलग मातीचा पट्टा द्या. मधल्या १२ मीटरवर गवत, फरशी, पातळ माती. दोन्हीकडच्या फांद्या पंधरावीस वर्षांत वरून बऱ्याच जवळ येतील. सावली बोगद्यावरही पडेल, वजन पडणार नाही.

पायाभरणी
हे आवडले. फक्त बॉक्सच्या दोन्ही कडांवर लक्ष ठेवा. बॉक्स खचत नाही, शेजारचा भराव खचतो. काही पावसाळ्यांनंतर फरशीत दोन सरळ भेगा दिसतात, बरोबर भिंतींच्या रेषेत. एका चौकात तिथे बोटभर उंचीची पायरी तयार झालेली पाहिली आहे. तुमच्या चाकाच्या खुर्चीला तीच अडवेल. कडेवर ट्रान्झिशन स्लॅब (बॉक्स आणि भराव यांना जोडणारा स्लॅब) द्या, आणि फरशीचा सांधा मुद्दाम त्याच रेषेत ठेवा.

नकाशावाली
सगळ्यांचे आभार, रात्रभर बसून सेक्शन (उभ्या छेदाचे ड्रॉइंग) नव्याने काढला. अहवाल बघितला, पाणी अडीच मीटरवर आहे. म्हणजे बॉक्स पूर्ण पाण्याखाली. माती काढत नाही. चौक फोमवर सव्वा मीटर चढतो, सौम्य उतारावर, आणि गर्डर उलटा वर घेऊन त्याची उरलेली उंची पहिल्या मजल्याच्या ओट्यात लपवली. झाडे दोन्ही बाजूंना. खांबांच्या रांगा बोगद्याला समांतर. वाचनकक्ष मागे, बागेकडे. मेट्रोकडे पत्रक आणि मूळ ड्रॉइंग मागितले आहे.

ओळंबा
मूळ ड्रॉइंगवर थांबू नका, बोगद्याच्या आतून सर्वेक्षण मागा. कागदावरचा बॉक्स आणि जमिनीतला बॉक्स यांत फरक निघू शकतो, आणि तुमच्या ३ मीटरमध्ये तेवढा मोकळेपणा नाही. आणि नव्या सेक्शनमध्ये चौकाचा स्लॅब दारापाशी इमारतीला टेकलेला दिसतो. शांतस्वर यांनी सांगितलेली चूक तिथेच होईल.

नकाशावाली
अरे हो. फट ठेवते. किती ठेवू?

शांतस्वर
आकडा स्ट्रक्चरलवाल्यांकडून घ्या, इमारत बेअरिंगवर किती दबेल आणि वाऱ्याने किती सरकेल त्यावरून. वरचे झाकण एकाच बाजूला पकडलेले हवे, दुसऱ्या बाजूला मोकळे सरकणारे. आणि बांधकामात त्या फटीत काँक्रीट किंवा खडी पडणार नाही यावर स्वतः उभे राहून लक्ष ठेवा.

नकाशावाली
ड्रॉइंगवर तसेच लिहिते, ठळक अक्षरांत. सोमवारी काय झाले ते इथेच कळवते.