नव्याण्णव फुगे आणि जर्मन आकडे

गाण्यांतून नुसते सुटे शब्द मिळतात, भाषा नाही, हे मला अर्धंच पटतं. जर्मन शिकताना आकड्यांनी माझा घाम काढला होता. सुटका केली ती नेना या जर्मन बँडच्या १९८३ च्या '९९ लुफ्टबलॉन्स' (९९ फुगे) या गाण्यानं. ९९ म्हणजे 'नॉयन-उंट-नॉयनत्सिश', आधी नऊ, मग नव्वद. अरे, हे तर आपलं नव्याण्णवच! पंचवीसचंही तेच, आधी पाच. इंग्रजीतून मोजणं सोडून मराठीतून मोजायला लागलो तशी गाडी रुळावर आली. (इंग्रजी आवृत्तीच्या शीर्षकात फुगे लाल झालेत, मूळ जर्मनमध्ये रंगच नाही.) एक मात्र सांभाळा: गाण्यात 'हाबे'चं (इंग्रजी 'have'सारखं क्रियापद) 'हाब' होतं. बोलताना खपतं, परीक्षेत लिहिलंत तर गुण जातात. माझे गेलेत.