देवळातला टीव्ही आणि ओआरएसचं पाकीट

इंदूरची सून: आमच्या गल्लीतल्या दत्तमंदिराने काकड आरती लाइव्ह दाखवायला भिंतभर टीव्ही घेतलाय. गुरुवारी आरती झाली की तो बंद, आणि प्रसादाच्या रांगेत वीसेक बायका पोरं कडेवर घेऊन उभ्या. मी विश्वस्तांना म्हटलं, तेवढ्या वेळात ओआरएस, लसीकरण यांचा पाच मिनिटांचा व्हिडिओ लावा. उत्तर आलं, "ताई, हे देऊळ आहे, दवाखाना नाही."

मागच्या पावसाळ्यात शेजारणीच्या बाळाला जुलाब लागले. ओआरएसचं, म्हणजे मीठ-साखरेच्या पुडीचं, लिटरभर पाण्यात मिसळायचं मोठं पाकीट घरात होतं. ती त्यातलं अर्धं पेलाभर पाण्यात घालून चमच्याने पाजत होती. मी चव घेतली, समुद्राचं पाणी बरं! बाळ तोंड फिरवायचं आणि ही म्हणे, याला आवडतच नाही. इतकं मीठ पोटात गेलं तर अपायच व्हायचा. पाकिटावर सगळं छापलेलं असतं हो, पण रात्री दोनला रडणारं पोर घेऊन कोण वाचतं?

गुरुवारकर: माझा विरोध आहे, आणि तो सोवळ्याओवळ्यासाठी नाही. देवासमोर सांगितलेलं कुणी तपासत नाही, भीती त्याची आहे. आपल्याच मंदिराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरला, 'नवजात बाळाला मध चाटवा, बुद्धी तल्लख होते.' खाली हात जोडलेल्यांची रांग. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, त्यातून बोट्युलिझम, म्हणजे अंग लुळं पाडणारी विषबाधा, होऊ शकते, असं मी लिहिलं तर 'काका, परंपरेला नावं ठेवू नका'! उद्या हाच मध टीव्हीवर आला म्हणजे?

भाचा, मुक्काम ग्वाल्हेर: पोलिओ आठवा की काका. पश्चिम उत्तर प्रदेशात लोक दारं लावून घ्यायचे, तेव्हा मशिदींच्या भोंग्यांवरून आवाहन झालं, मौलवी स्वतः पुढे आले. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मधला, आणि 27 मार्च 2014 ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र. डोस कुणाचा? आरोग्य खात्याचा. शब्द तेवढा मौलवींचा. देवळाने तेवढंच करावं.

गुरुवारकर: तिथे माणसं दारोदार फिरली रे, नुसत्या भोंग्याने झालं नाही. शिवाय आता यू-विनवर, म्हणजे सरकारच्या लसीकरणाच्या पोर्टलवर, नोंद केली की लसीची तारीख मोबाइलवर येते. देवळाची गरजच काय?

इंदूरची सून: मोबाइल कुणाचा, काका? नोंदणीत नंबर नवऱ्याचा, आणि तो शिफ्टला पीथमपूरला. 6, 10, 14 आठवड्यांचे डोस लक्षात राहतात, कारण तेव्हा घरात बाळाचंच कौतुक चाललेलं असतं. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस 16 ते 24 महिन्यांत. तोवर पोर धावायला लागलेलं असतं, कोण विचारतंय.

निवृत्त सिस्टर: व्हिडिओने माझं काम भागलं नसतं. जुलाब थांबले की आया झिंकची गोळी बंद करतात. ती 14 दिवस द्यायची, सहा महिन्यांच्या आत अर्धी, पुढे आख्खी. हे टीव्ही सांगेल. पण 'सिस्टर, गोळी दिली की ओकतो, परत देऊ का?' हे बाई कुणाला विचारणार, टीव्हीला? शेजारी आशाताईला, म्हणजे वस्तीतल्या आशा आरोग्यसेविकेला, बसवा. आणि तिला मंडपात नीट खुर्ची द्या, चपलांच्या स्टँडपाशी नको. (अनुभवाचे बोल आहेत.)

दुसरं म्हणजे, ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्या बाळंतिणी देवळात येतात कुठे? सव्वा महिना उंबरा ओलांडत नाहीत. क्षयाची बीसीजी लस, अंगावरचं पहिलं दूध, सगळं त्याच दिवसांतलं.

गुरुवारकर: सिस्टर, हेच मला नेमकं म्हणता येत नव्हतं.

इंदूरची सून: बाळंतिणी नसतील येत, त्यांच्या सासवा येतात ना. आमच्याकडे बाळाची गुटी कुणी उगाळली? रांगेत पहिल्या उभ्या असतात त्यांनी.