सिंगापूरहून ठाण्यात परत येतोय, मुलीला इथेही आयबीतच टाकू का?

परतीचा_ठाणेकर:
चार वर्षं सिंगापूरला होतो, मे मध्ये कायमचे परत येतोय, घर घोडबंदर रोडला. मुलगी तिकडे एक्स्पॅट मुलांच्या इंटरनॅशनल स्कूलला, पीवायपी (आयबी या आंतरराष्ट्रीय बोर्डाचा प्राथमिक अभ्यासक्रम), आता पाचवीत जाईल. फी कंपनी भरायची त्यामुळे आकडा कधी नीट बघितलाच नाही (हिंमत नव्हती), आता सगळं खिशातून. आयबीच शोधू की सरळ सीबीएसई? आणि मराठी बोलते फाडफाड पण वाचता येत नाही, ळ दिसला की "आडवा आठ" म्हणते.

ऐरोलीची_आई:
आम्ही दोहाहून आलो तेव्हा लेक चौथीत, सीबीएसईला घातला. पहिल्या युनिट टेस्टला पठ्ठ्याने मार्जिन आखली नाही आणि एका रिकाम्या जागेत उत्तराऐवजी "का?" लिहून आला, बाईंनी लाल पेनने त्यावरच गोल केला. सहा महिने रडारड, पाढे आजोबांनी करून घेतले, मग रुळला. मराठी कुठेही चुकणार नाही हो, २०२० च्या कायद्याने सगळ्याच बोर्डांना सक्तीची आहे.

कापूरबावडी_त्रस्त:
दादा, या इंटरनॅशनल शाळा मुळात दर तीन वर्षांनी देश बदलणाऱ्यांच्या पोरांसाठी. जिनिव्हातली १९२४ ची, लीग ऑफ नेशन्सच्या लोकांच्या मुलांसाठी काढलेली, आयबी पण तिथलंच, १९६८ चं. आपल्याकडे बीकेसीची अमेरिकन स्कूल त्याच जातीची, पण घोडबंदरहून रोज बीकेसी म्हणजे पोरीचं बालपण बसमध्येच. तुम्ही परत जाणार नसाल तर कशाला? आणि नावात इंटरनॅशनल तर आता गल्लीतल्या नर्सरीलाही असतं.

डीपीवाली_टीचर:
वरचं थोडं कडक आहे पण नाव बघून जाऊ नका हे खरं. शाळेला विचारा आयबीची मान्यता मिळाली आहे की अजून "कँडिडेट"च आहे, कँडिडेट म्हणजे अर्ज चालू, पुढे मिळेलच असं नाही. माझ्या मते खरा प्रश्न पाचवीचा नाही, अकरावीचा आहे. डीपीत (आयबीच्या अकरावी-बारावीत) सहा विषय, त्यात दोन भाषा, एक समाजशास्त्राच्या गटातला, एक गणित, म्हणजे सायन्सला जास्तीत जास्त दोन जागा उरतात, तेही आर्ट्सचा विषय (चित्रकला, संगीत वगैरे) सोडला तर. इंजिनिअरिंगला फिजिक्स केमिस्ट्री बसतं पण नीटला (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला) बायोलॉजीही लागतं, तिथे गाडी अडते, शाळा खास परवानगी काढतात पण सगळ्या नाही. शिवाय मेच्या परीक्षेचा रिझल्ट जुलैत, तोवर इथल्या कॉलेजांच्या याद्या सुरू झालेल्या असतात. पुढे बाहेरच शिकायला पाठवायचं पक्कं असेल आणि फी बारावीपर्यंत झेपणार असेल तर आयबी छानच, नाहीतर पाचवीत बदललेलं नववीत बदलण्यापेक्षा कितीतरी बरं.

परतीचा_ठाणेकर:
थँक्यू सगळ्यांना. नीटचं डोक्यातच नव्हतं. लेक हल्ली डॉक्टर व्हायचं म्हणते, गेल्या महिन्यात पांडा सांभाळायचे होते. बायको सीबीएसईकडे झुकलीय आणि आईने पाचपाखाडीहून बाराखडीच्या तक्त्याचा फोटो पाठवलासुद्धा.